आत नळी आहे, तारीख लक्षात ठेवा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांची एक दिवसाची सहल पासली आणि मढे घाट इथे गेली होती. दुपारच्या जेवणानंतर पासलीच्या देवळात सभासद आणि ग्रामस्थ यांच्यासमोर मी जे बोललो, ते काही सभासदांच्या आग्रहावरून लिहून काढून स्मरणिकेसाठी देत आहे.)



जेवण झाल्यावर भाषण ठेवणं हा श्रोत्यांवर अन्यायच आहे. त्यात इंद्रायणीचा भात झालेला. तेव्हा कुणाचा डोळा लागला तर मी मनाला लावून घेणार नाही. फक्त शेवटची पाच मिनिटं शेजाऱ्याने कोपर मारून जागं करावं, एवढी विनंती.

समितीने मला विचारलं होतं, काका, तुमचंच गाव आहे, तर गावाच्या इतिहासावर बोला. तोरणा समोर आहे, मढे घाट पुढे आहे, विषयाला तोटा नाही. पण मी म्हटलं, इतिहासावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे तारीख सांभाळणं. आणि माझ्या हातून आयुष्यात एकच तारीख चुकली, ती नेमकी याच गावातल्या माणसाची. त्याबद्दल बोलायचं आहे. ते माणूस, माझे चुलत बंधू, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, हे समोर खांबाला टेकून बसले आहेत. त्यांना विचारूनच बोलतोय. ते म्हणाले, “सांग की. माझं झालं ते झालं, दुसऱ्याचं वाचंल.”

तर विषय आहे मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आत ठेवतात ती नळी. डॉक्टर तिला डीजे स्टेंट म्हणतात. डीजे म्हटल्यावर मागची पोरं हसायला लागली. बाबांनो, मिरवणुकीतला डीजे नव्हे. त्या डीजेनं कान जातात, हा डीजे विसरला तर किडनी जाते.

काही वर्षांपूर्वी वैशाखात अण्णांच्या डाव्या कुशीत कळा सुरू झाल्या. ज्याला मुतखड्याची कळ आली आहे त्याला मी वर्णन करून सांगायला नको, आणि ज्याला आली नाही त्याला सांगून कळणार नाही. वेल्ह्याला इंजेक्शन घेतलं, तात्पुरतं थांबलं. मग मी गाडी घेऊन आलो आणि त्यांना पुण्याला नेलं. सोनोग्राफी झाली, खडा मूत्रवाहिनीत अडकला होता. दुर्बीण घालून लेझरने फोडला. तिसऱ्या दिवशी घरी. सुटताना डॉक्टरांनी सांगितलं, आत नळी ठेवली आहे, सहा आठवड्यांनी काढायला या. डिस्चार्ज कार्डावरही ते लिहिलं होतं, इंग्रजीत, खालून तिसऱ्या ओळीत. फाईल मी माझ्या कपाटात ठेवली. म्हटलं, गावाकडे पावसात भिजेल.

वैशाखापासून सहा आठवडे मोजा. कुठे येतात? लावणीत. पासलीकरांना माहीत आहे, आषाढात इथे माणूस मेला तरी शेजारी म्हणेल, जरा चिखलणी उरकू द्या. पाऊस असा, की समोरचा डोंगर दिसत नाही. अण्णांची कळ थांबली होती. लघवीला थोडी आग व्हायची, पण ती उन्हाळी असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी घेतलं. नळीचं त्यांना वाटलं, खडा गेला तशी तीही गेली असेल. आणि मी? माझ्या मुलीकडे बाळंतपण होतं, मी बंगळुरूला. परत आलो, त्यात दिवाळी आली. फाईल कपाटात.

पंधरा महिने गेले. पुढच्या श्रावणात अण्णांना थंडी वाजून ताप आला आणि लघवीतून रक्त. एक्स-रे काढला. तो फोटो मी अजून विसरलेलो नाही. नळीच्या वरच्या टोकाला लिंबाएवढा खडा आणि खालच्या टोकाला अंड्याएवढा. मधल्या नळीवर पांढरा थर. ती नळी ओढून निघण्यासारखी राहिलीच नव्हती. ओढली असती तर मूत्रवाहिनी फाटली असती. आधी खालचा खडा दुर्बिणीतून फोडला. मग पाठीतून भोक पाडून वरचा. मग नळी तुकड्यातुकड्याने बाहेर. दोन ऑपरेशनं, तीन आठवडे. शेवटी स्कॅन करून डॉक्टर म्हणाले, डावी किडनी आता नावापुरती आहे. उजवी चांगली आहे म्हणून बरं.

बँकेत असताना मी ड्यू डेट डायरी ठेवायचो. कुठल्या कर्जाची कागदपत्रं कधी मुदतबाह्य होतात, ते सगळं त्यात. तीन वर्षांच्या आत कर्जदाराकडून पोच घेतली नाही तर कागद टाइम-बार होतो, बँकेचा दावा जातो. माझ्या कारकिर्दीत एकही कागद टाइम-बार झाला नाही, निरोपसमारंभात मॅनेजरसाहेबांनी हे मुद्दाम सांगितलं होतं. आणि सख्ख्यासारख्या भावाची किडनी मी टाइम-बार होऊ दिली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही. सांगितलं होतं. ऐकणारा मी होतो.

त्यानंतर मी या नळीबद्दल वाचायला लागलो. माझे व्याही डॉक्टर आहेत, न कळलेलं त्यांना विचारून घेतलं. पुढे तीन वर्षांनी माझाच खडा निघाला आणि माझ्याच पोटात नळी बसली, त्यामुळे प्रॅक्टिकलही झालं. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

आपली किडनी वर, लघवीची पिशवी खाली. दोन्हींना जोडणारी मूत्रवाहिनी साधारण पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब, आणि आतून तीन-चार मिलिमीटर. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी लांब आणि शीतपेयाच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. ती नुसती पाइप नाही. ती स्वतः आवळून-सैल होऊन लघवी थेंबाथेंबाने खाली ढकलते. खडा फोडल्यावर तिला आतून सूज येते. सुजेने ती बंद झाली तर वरची लघवी तुंबते आणि किडनीवर दाब येतो. ते होऊ नये म्हणून सूज उतरेपर्यंत आत नळी ठेवायची. पूल दुरुस्त होईपर्यंत बाजूने कच्चा रस्ता काढतात ना, तसं. पण कच्चा रस्ता कायमचा नसतो, हे लक्षात ठेवा. माझ्या भाषणाचं सार तेवढंच आहे.

नळीची कल्पना जुनी आहे, पण अडचण होती ती टिकून राहण्याची. १९६७ साली झिमस्काइंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून सिलिकॉनची सरळ नळी आत बसवून दाखवली. मोठीच गोष्ट झाली. पण सरळ नळी घसरायची. कधी खाली पिशवीत, कधी वर किडनीत. मग १९७८ साली रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना आकडे असलेली नळी आणली. वरचा आकडा किडनीत अडकतो, म्हणून ती खाली येत नाही. खालचा पिशवीत अडकतो, म्हणून वर जात नाही. आकडे इंग्रजी जे अक्षरासारखे, म्हणून डबल जे, म्हणून डीजे. बसवताना आत तार घालून ती सरळ करतात, तार काढली की टोकं आपोआप वळतात. आपण दोरीला दोन टोकांना गाठी मारतो तशी साधी युक्ती. पण चाळीसहून अधिक वर्षं जगभर तीच चालली आहे.

तिची जाडी फ्रेंच नावाच्या मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सहा फ्रेंचची नळी दोन मिलिमीटर जाड. अंगावर छोटी छोटी भोकं. लघवी नळीच्या आतूनही जाते आणि बाहेरच्या अंगानेही.

आता यात दोन दुखणी आहेत. एक, नळीवर क्षार साचतात. दोन, ती टोचते. जगभरचे लोक या दोन दुखण्यांशी झगडत आहेत.

आधी क्षार. सोसायटीच्या मंडळींना हे समजायला वेळ लागणार नाही. आपल्या बी विंगची लाईन बदलली तेव्हाची आठवण काढा. प्लंबरने जुना जीआय पाइप कापून ऑफिसच्या टेबलावर ठेवला होता. बाहेरून एक इंची, आतून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. बोअरच्या पाण्याचा क्षार. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच म्हणालात, पंचवीस वर्षांत एवढं झालं. मी तेव्हा काही बोललो नाही. पण मनात आलं, अण्णांच्या पोटात पंधरा महिन्यांत झालं.

का झालं? नळी आत गेल्याबरोबर तिच्यावर लघवीतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्या थराला जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करून राहतात. पाण्याच्या टाकीला आतून हात लावला की लागतं, तसं. काही जंतू असे असतात की लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. अमोनियाने लघवी अल्कधर्मी होते. तशा लघवीत मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट विरघळून राहत नाहीत, ते खाली बसतात. म्हणजे नळीवर बसतात. आणि जंतू नसले तरी ज्याला मुळात खडे होतात, त्याच्या लघवीतलं कॅल्शियम ऑक्झलेट नळीवर बसायला तयारच असतं. गंमत बघा, नळीची गरज खडे होणाऱ्यालाच जास्त, आणि नळीवर खडे होण्याची भीतीही त्यालाच जास्त.

रियाधच्या डॉक्टरांनी १९९१ साली खड्याच्या रुग्णांमधून काढलेल्या नळ्या तपासून मोजदाद छापली. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांवर क्षार होता. सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांवर. आणि बारा आठवड्यांच्या पुढे ७६ टक्क्यांवर. मी बँकर आहे, व्याजाचे तक्ते पाहण्यात आयुष्य गेलं. पण इतकं चढं व्याज मी कुठे पाहिलं नाही. अण्णांना सहा आठवडे का सांगितले होते, ते हा तक्ता पाहिल्यावर मला समजलं. पंधरा महिने त्या तक्त्यात बसतच नाहीत.

आता दुसरं दुखणं, टोचणं. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. माझ्या पोटात नळी तीन आठवडे होती. पहिल्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला लघवीला. गेलो की वाटायचं झालीच नाही. आणि लघवी करताना कळ खाली येण्याऐवजी वर कुशीत चढायची. मला कळेना, पाणी खाली जातंय आणि कळ वर कशी? व्याह्यांनी समजावलं. मूत्रवाहिनी पिशवीला मिळते तिथे एकमार्गी झडप असल्यासारखी रचना असते. नळीने ती झडप उघडी राहते. आपण जोर केला की थोडी लघवी नळीवाटे उलटी किडनीकडे जाते, म्हणून कुशीत कळ. आणि खालचा आकडा पिशवीच्या तळाशी जिथे घासतो, ती जागा सगळ्यात नाजूक. म्हणून सारखी घाई. त्याच आठवड्यात आपली लिफ्ट बंद होती, आठवतंय? तिसऱ्या मजल्यावर दोनदा चढलो-उतरलो आणि लघवी लाल झाली. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, हालचालीने नळी घासते, होतं असं, पाणी वाढवा, पण ताप आला तर लगेच या.

माझा समज होता की मीच नाजूक. तसं नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जोशी नावाच्या डॉक्टरांनी, हो, जोशीच, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या त्रासासाठी एक प्रश्नावली तयार केली. तोपर्यंत नळीचा त्रास म्हणजे “होतं थोडं” यात खपायचा. यांनी रुग्णालाच विचारलं. लघवीचा त्रास किती, दुखणं किती, एकूण तब्येत कशी, कामावर परिणाम काय, नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम काय, आणखी काय होतं. दहातल्या जवळजवळ आठ जणांना त्रास होता, आणि असा की रोजच्या कामात अडथळा यावा. पुढे नळ्यांची तुलना करताना जगभर हीच प्रश्नावली वापरली जाऊ लागली. मला या कामाचं फार कौतुक वाटतं. बँकेत आम्ही म्हणायचो, तक्रार वहीत चढल्याशिवाय ती तक्रार नसते. या डॉक्टरांनी तक्रार वहीत चढवली.

मग नळी सुधारता येत नाही का? येते. पुष्कळ लोकांनी पुष्कळ केलं आहे. पण प्रत्येक सुधारणेला काही तरी किंमत मोजावी लागते, हे मला वाचताना सारखं जाणवलं.

पहिला विचार मऊपणाचा. पॉलियुरेथेनची नळी स्वस्त, ताठ, बसवायला सोपी. सिलिकॉनची मऊ, आणि तिच्यावर क्षारही कमी धरतो. पण ती मऊ असल्यामुळे आणि अंगाला अडखळत जाते म्हणून बसवायला कठीण. कुणी म्हटलं, वरचं टोक ताठ ठेवू, खालचं मऊ करू. तशा नळ्या निघाल्या. त्याच जोशींच्या गटाने ताठ आणि मऊ नळ्यांची तुलना करून २००५ साली छापलं, की रुग्णांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे आपल्याला जे उघड वाटतं ते मोजल्यावर खरं निघेलच असं नाही. पुढे २०२० साली युरोपातल्या अनेक हॉस्पिटलांत मिळून झालेल्या चाचणीत पाण्याने बुळबुळीत होणारं आवरण दिलेल्या सिलिकॉनच्या नळीचा त्रास कमी दिसला. तेव्हा मऊपणाचा मुद्दा संपलेला नाही, पण तो एकटा पुरत नाही.

दुसरा विचार, पिशवीत घासतंय ते कमीच करू. खालच्या आकड्याऐवजी बारीक शेपटी ठेवली. कुणी आकड्याच्या जागी धाग्याची सैल वेटोळी ठेवली. फ्रान्समध्ये तर मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात नळीच न ठेवता नुसते दोन बारीक दोरे पिशवीत सोडले. कुणी उलटी लघवी जाऊ नये म्हणून टोकाला झडप लावली. यात त्रास कमी झाल्याचे अनुभव आहेत. आणि एक अगदी साधी गोष्ट अनेकांना आढळली आहे. नळी त्या माणसाच्या मापाची हवी. पिशवीत ती जास्त लांब लोंबून पलीकडच्या बाजूला गेली की त्रास वाढतो. चपलेचं माप चुकलं तर चपलेच्या चामड्याला दोष देऊन काय उपयोग?

तिसरा विचार, क्षार चिकटूच नये असं आवरण द्यायचं. बुळबुळीत जेलचं आवरण, रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनचं आवरण, हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचं आवरण, जंतुनाशक औषध भरलेली नळी, सगळं करून पाहिलं आहे. प्रयोगशाळेत छान दिसतं. माणसाच्या पोटात गेल्यावर मघाशी सांगितलेला तो प्रथिनांचा थर आवरणावरच बसतो, मग खालचं आवरण कितीही चांगलं असो. नवीन रंग दिलेल्या भिंतीवर महिनाभरात धूळ बसली की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात.

चौथा विचार मला सगळ्यात आवडला, कारण तो प्लंबिंगचा आहे. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी नळीची छोटी प्रतिकृती करून आतून प्रवाह कसा जातो ते पाहिलं. जिथे पाणी गरगरत थांबतं, विशेषतः भोकांच्या खोबणीत, तिथे कण साचतात. म्हणून नळीची भिंत पातळ करायची आणि भोकांच्या कडा उतरत्या करायच्या, म्हणजे प्रवाह थांबत नाही आणि साचणं कमी होतं. आपला प्लंबर हेच म्हणाला होता, साहेब, सरळ पाइपात कमी धरतं, एल्बोत जास्त धरतं. त्याला कुणी डॉक्टरेट दिली नाही एवढंच.

मग धातूच्या नळ्या आहेत. एका प्रकारात धातूच्या तारेचं घट्ट वेटोळं असतं. ती बारा महिन्यांपर्यंत ठेवता येते. गाठीमुळे मूत्रवाहिनी बाहेरून दाबली जाते, त्या रुग्णांना तिचा उपयोग. पण ती महाग, आणि बारा महिने म्हणजे बारा महिनेच.

आणि शेवटचा विचार, विरघळणारी नळी. हे ऐकल्यावर अण्णा मला म्हणाले होते, “मग माझ्यात हीच का नाही घातली?” रास्त प्रश्न आहे. २००३ साली अमेरिकेत अशा नळीची चाचणी झाली. बहुतेकांत काम झालं, पण काही जणांत तुकडे तीन महिन्यांनंतरही आतच राहिले आणि ते काढायला वेगळे उपचार करावे लागले. म्हणजे जी काढावी लागू नये म्हणून केली, तिचेच तुकडे काढावे लागले. काम पुढे चालू आहे. कॅनडात, स्पेनमध्ये नवे प्रकार तपासले जात आहेत. माझ्या नातवंडांच्या वेळी ही नळी सर्रास मिळेल असं मला वाटतं. काढणं सोपं करणाऱ्या नळ्या मात्र आजही आहेत. खालच्या टोकाला बारीक लोहचुंबक लावलेला असतो. दुर्बीण न घालता, टोकाला चुंबक असलेली रबरी नळी आत घालून ती ओढून काढतात. काही वेळा टोकाला दोराच बांधून तो बाहेर ठेवतात.

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. त्रास कमी करणारी नळी आहे, क्षार कमी धरणारी आहे, काढायला सोपी आहे. पण “मला काढा” असं ओरडणारी नळी अजून निघालेली नाही. आणि गंमत अशी, की नळी जितकी कमी टोचेल तितकी ती विसरायला सोपी. माझी टोचत होती म्हणून मी एकविसाव्या दिवशी सकाळी आठलाच हॉस्पिटलच्या दारात उभा होतो. अण्णांची टोचली नाही, तिथेच घात झाला. म्हणून नळी कितीही सुधारली तरी तारीख सांभाळायला माणूस लागणारच.

तो माणूस कोण? डॉक्टर सांगतात, कार्डावर लिहितात. पण डॉक्टरांकडे रोज नवे रुग्ण. पेशंट आपला गावाला, फोन नंबर मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मूत्रविकारांची ऑपरेशनं तिच्यात होतात, त्यामुळे खेड्यातला माणूस आता मोठ्या हॉस्पिटलात पोचतो, ही फार चांगली गोष्ट झाली. पण नळी बसवायला पोचतो तसा काढायलाही पोचला पाहिजे. जाताना चार जण बरोबर असतात, कारण माणूस कळवळत असतो. परत जायचं असतं तेव्हा काही दुखत नसतं, म्हणून बरोबर कुणीच नसतं.

म्हणून मी एक छोटं काम सुरू केलं आहे. जुनं तेच, ड्यू डेट डायरी. सोसायटीच्या ऑफिसात एक शंभर पानी वही ठेवली आहे, आणि तशीच एक इथे पासलीत. रकाने चारच. नाव, नळी कधी बसवली, काढायची तारीख, आणि काढली का. काढायच्या तारखेच्या आठ दिवस आधी फोन करायचा. फोन लागला नाही तर घरी जायचं. गावात हे काम आशाताई करतात, आणि माझ्यापेक्षा चोख करतात. शेरा “काढली” असा पडेपर्यंत ओळ बंद होत नाही. बँकेचा नियम आहे, व्हाउचर हातात आल्याशिवाय एंट्री पास करायची नाही. इथेही तोच.

आता तुम्हाला चार-पाच गोष्टी सांगतो आणि थांबतो. झोपलेल्यांना जागं करा.

एक, मुतखड्याचं ऑपरेशन झालं की सुटायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, आत नळी आहे का? अनेकांना माहीतच नसतं.

दोन, असेल तर कुठली आहे, आणि कुठल्या तारखेला काढायची? “सहा आठवड्यांनी” असं उत्तर घेऊ नका. तारीख घ्या. ती फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: आत नळी आहे, अमुक तारखेला काढायची. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. आणि फाईल पेशंटच्या घरी ठेवा, माझ्यासारख्या शहाण्याच्या कपाटात नको.

तीन, त्रास होत असेल तर सहन करत बसू नका. नळीचा त्रास कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टरांना सांगितलं तर ते देतात. मी पहिला आठवडा संकोचाने सांगितलं नाही आणि उगाच भोगलं. थंडी-ताप आला तर मात्र गोळी शोधू नका, हॉस्पिटल गाठा.

चार, पाणी. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. पासलीत पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो, आणि चैत्र-वैशाखात बायामाणसांना हंड्यासाठी वणवण. रानात कामाला गेलेला माणूस तांब्याभर पाण्यावर दिवस काढतो. खडे इथूनच सुरू होतात. कामाला जाताना पाण्याची बाटली ही कोयत्याइतकीच गरजेची वस्तू आहे, असं धरा.

पाच, कळ थांबली म्हणजे काम झालं असं समजू नका. कर्ज फिटलं तरी गहाणखत सोडवून आणावं लागतं. नाही आणलं तर सात-बारावर बोजा तसाच राहतो. नळी म्हणजे तो बोजा. उतरवून घ्या.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात आपण लाईन बदलल्या, टाक्या बदलल्या, लिफ्ट बदलली, आणि एकमेकांची दुखणीखुपणी काढली. माझी सोसायटीला एकच विनंती आहे. मी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. ही वही माझ्यामागे कुणीतरी सांभाळा. नव्या कमिटीकडे चार्ज देताना चेकबुक, शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर, मिनिट बुक यांच्याबरोबर ही शंभर पानी वहीही द्या.

अण्णा, तुमच्यासमोर हे बोलायचं म्हणून रात्री मला झोप नव्हती. तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. उलट दर वर्षी पोतंभर तांदूळ पाठवता. त्या तांदळाचा भात जेवताना मला ती फाईल आठवते. या वहीचं पहिलं पान मी कोरं सोडलं आहे. त्यावर तुमचं नाव लिहून “काढली” असा शेरा मारायची माझी लायकी नाही. पण पुढच्या प्रत्येक ओळीवर तो शेरा पडेल, एवढं मी तुम्हाला सांगतो.

 चहा तयार आहे असं दिसतंय. मढे घाटाकडे निघायच्या आधी सगळ्यांनी पाणी पिऊन घ्या.